सात नंबरची मुलगी

आमच्या जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या बाईला मी कडकबाई म्हणते. तिच्या हाताखालून गेलेला शर्ट पाहिला की वाटतं, आत माणूस नसला तरी हा एकटा ऑफिसला जाऊन येईल. बाई स्वतः मात्र इतकी भित्री, की दुसरं कुणी जोरात शिंकलं तरी "चुकलं हो" म्हणते.

अशा बाईने खोटं बोलायचं ठरवलं, आणि तेही माझ्या भरवशावर! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

झालं असं. आमच्या बाजूची शाळा चांगली, पण ती मोठ्या रस्त्याच्या अलीकडचीच मुलं घेते. कडकबाई राहते पलीकडे. तिकडेही शाळा आहे. फळा आहे, घंटा आहे, शिपाई आहे. शिकवायला तेवढं कुणी नाही. म्हणून अर्जावर तिची आठ वर्षांची मुलगी माझी भाची झाली, राहणार घर नंबर सात.

प्रवेश मिळाला आणि बाईची झोप उडाली. शाळेचा तपासनीस न सांगता घरी येतो, मूल खरंच तिथे राहतं का बघतो, खोटं निघालं तर नाव काढून टाकतो. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की हिची इस्त्री हवेतच थांबायची.

"ताई, तो आला तर तुम्ही हसाल हो."

"हसणार कशाला? चार शेजारणींना सांगेन फक्त."

तिचा चेहरा असा पांढरा पडला, की मीच जीभ चावली.

मुलीचे फ्रॉक, चपला, दात घासायचा ब्रश, सगळं तिने आमच्याकडे आणून ठेवलं. तरी धाकधूक जाईना. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती कॉलरच्या आत शाईने घराचा नंबर घालते. आमच्या ह्यांच्या बनियनलासुद्धा सोडलेलं नाही. एका सकाळी तिने मुलीच्या एकूण एक कपड्यावर सातचा आकडा घातला. म्हणाली, "आता दिसेल ना, ह्याच घरातली आहे म्हणून."

तासाभरात तपासनीस दारात.

मुलगी शाळेत होती. त्याने कपाट उघडून तिचा फ्रॉक उचलला. कॉलर उलटली. अंगठा काळा झाला. मग त्याने ह्यांचा शर्ट काढला. त्यावरचा सात धुऊन धुऊन फिका पडलेला. मग पुन्हा स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. खाली इस्त्रीची धपधप थांबली.

"हा नंबर आजच घातलेला दिसतो."

"मुलं हरवतात हो," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"बाई, चांगली शाळा म्हणजे खैरात नाही. जागा चाळीस, अर्ज चारशे."

"मग शाळा कमी आहेत म्हणा की. मुलं जास्त आहेत असं का म्हणता?"

"मी फक्त पत्ते तपासतो." त्याने रुमालाला बोट पुसलं. "पुन्हा येईन. कधीही."

तो गेल्यावर कडकबाई कठडा धरून वर आली.

"ताई, तिला इथेच ठेवून घ्या. खरंच राहू दे."

"अगं, तू तर जिन्याखालीच असतेस. दिवसभर दिसेल तुला."

"दिसू दे. पण तिने मला आई म्हणायचं नाही. इथे नाही, शाळेत नाही, कुठेच नाही. सवय लागली पाहिजे."

पोरीने तीन दिवस रडून काढले. चौथ्या दिवशी रडली नाही.

पंधरवड्याने तपासनीस आला, तेव्हा ती खिडकीत बसून धडा वाचत होती. त्याने इकडचं तिकडचं विचारलं, आणि जाता जाता म्हणाला, "खाली इस्त्री करतात, त्या कोण गं?"

आमच्या जिन्यातून सगळं खाली ऐकू जातं.

"आमच्या इस्त्रीवाल्या," ती म्हणाली. पुस्तकातून मानही वर केली नाही.

त्याने सही केली आणि गेला.

मी धावत खाली गेले. "सुटलीस गं बाई! आता तरी हस."

कडकबाई एका अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घालत होती. तिने मान डोलावली.

संध्याकाळी टेबल आवरून ती निघाली, पण पहिल्या पायरीशी थांबली. एरवी कपडे द्यायला ती धाडधाड वर यायची.

"ताई," तिने खालूनच हाक मारली, "तिचा अभ्यास चालला नसेल तर दोन मिनिटं वर येऊ का?"