ताईचा ज्वालामुखी

सोलापूरहून शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "वैशाली गेली रे... चहा टाकता टाकता खाली बसली, ती उठलीच न्हाय." सोलापूरच्या वाटेवर मोहोळ गाव येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, आता बाबांचं कोण करणार? सख्खी बहीण गेली आणि मला आधी हे सुचलं. लाज वाटते, पण तसंच झालं.

ताई भूभौतिकशास्त्रज्ञ. ज्वालामुखीभोवती जमिनीत तारा आणि कॉइल पुरून ती पृथ्वीत शिरणाऱ्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजायची. वितळलेल्या खडकातून वीज सहज वाहते, थंड खडकात अडखळते. त्यावरून शिलारस कुठे, किती खोल आहे याचं चित्र जुळवायचं. एकदा यंत्रं तपासायला तिने सोलापूरजवळ वळसंगच्या रानात तारा पसरल्या आणि नोंदी बिघडू नयेत म्हणून शेतातल्या मोटारी बंद करायला लावल्या. लोक जमले. "मॅडम, मोटार बंद करतो, पण पाणी कुटं हाय तेवढं सांगा की!" ताई पोट धरून हसली होती.

मग बाबांना अर्धांगवायू झाला, वाचा जवळजवळ गेली. ताई दोन महिन्यांची रजा घेऊन सोलापूरला आली, ती परत गेलीच नाही. काही वर्षांनी जुन्या सहकाऱ्यांनी तिला एका बेटावरच्या ज्वालामुखीवर बोलावलं. बाबांच्या पलंगाशेजारीच ती मला म्हणाली, "एकच महिना बस रे हितं. मला जायचंय."

"बाई ठेव की एखादी," मी म्हणालो. "त्यांना कुठं काय कळतंय आता?"

खरं म्हणजे मला त्या खोलीची भीती वाटायची. तिने पुन्हा विचारलं नाही. सहकारी मोजमापं पाठवत राहिले आणि ती त्याच खोलीत बसून, कधीच न पाहिलेल्या बेटाखालचं चित्र जुळवत राहिली.

आता त्या खोलीत मी आहे. दुपारी चारला बाबा माझ्याकडे बघतात आणि उरलेला एकच शब्द उच्चारतात, "किती?" काकूंनी सांगितलं, चहा पिताना ताई त्यांना रोज सांगायची, आज शिलारस किती खोल सापडला. एकदा मी ताईची नोंदींची वही न उघडताच ठोकून दिलं, "पाच किलोमीटर, बाबा."

त्यांनी मान हलवली. चांगल्या हाताची पाच बोटं दाखवली, मग दोन.

मी वही काढली. शेवटच्या पानावर ताईच्या अक्षरात सात किलोमीटर... म्हणजे बाबांना सगळं कळत होतं. मी त्यांच्यासमोर काय बोललो होतो, तेही. त्यांनी माझं मनगट धरलं. तेव्हापासून चार वाजले की धरतात, आणि मला ते सोडवून घेता येत नाही.