बॅटरी संपल्यावर

गाड्या चालवून त्यांच्याबद्दल लिहिणं हा माझा धंदा. तरीही एक हायब्रिड सुपरकार एका दिवसासाठी हातात आली, तेव्हा मीसुद्धा हरखून गेलो. दोनच सीट, त्यांच्या मागे राक्षसी इंजिन आणि जोडीला बॅटरी. अंधेरीहून निघालो तर जोगेश्वरीपर्यंत पेट्रोलचा थेंब जळाला नाही. सगळी दुनिया हॉर्न बडवतेय, धूर ओकतेय आणि ही बया मांजरीच्या पावलांनी चाललीय! मी चाटच पडलो.

दुसरा धक्का गोरेगावला. एसी आणि ट्रॅफिकने बॅटरीची पार वाट लावली, इंजिन जागं झालं आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत घसरायला लागला. पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर इंजिनानेच बॅटरी थोडी भरली, पण तीही पेट्रोल पिऊनच. कंपनीच्या कागदावरचं ॲव्हरेज वाचून गाडी घेणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

पण मी घरी, दहिसरला, ॲव्हरेज मोजायला चाललो नव्हतो. बाबांसाठी चाललो होतो. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं टॅक्सी चालवली. अशा गाडीचं इंजिन एकदा जवळून ऐकायचं, एवढीच त्यांची हौस. त्यांना असं फिरवून आणणं मीच वर्षभर टाळत होतो, कारण हल्ली बाबांशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. टीव्हीवर मॅच बघतील ती आवाज बंद करून. बेल वाजली तरी उठणार नाहीत, फोन घेणार नाहीत. काहीही सांगा, उत्तर एकच: "बरां, बरां." म्हातारा हेकट झालाय, असं मी आणि बायकोने ठरवून टाकलं होतं.

घरी पोचलो तेव्हा आईने बाबांच्या दंडाला हात लावला, त्यांचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि सावकाश सांगितलं, "आधी बॅटरीवर चालतली. मगे इंजिन चालू होतला." बाबा हसले. इस्त्रीचा शर्ट सकाळीच घालून बसले होते.

गाडी गेटमधून निघाली ती बिनआवाजी. वॉचमन आ वासून बघत राहिला. बाबा समोर बघत, हात मांडीवर ठेवून, वाट बघत बसले होते. परीक्षेच्या निकालाला पोरं बसतात तसे.

चेकनाका मागे पडला, रस्ता मोकळा झाला. "आता ऐका हां, बाबा!" मी ओरडलो आणि ॲक्सिलरेटर दाबला. आईशप्पथ, असा आवाज मी धंद्यात असूनही कधी ऐकला नव्हता. बाजूचा बाइकवाला दचकून बाजूला झाला. माझ्या छातीत धडधडायला लागलं. मी हसत बाबांकडे पाहिलं.

ते अजून वाट बघत होते.

मग त्यांनी पाठ सीटला नीट टेकवली, तळहात दरवाज्यावर ठेवला आणि विचारलं, "पाठीक थरथर लागता. चालू झाला काय रे?"

मी गाडी कडेला घेतली. इंजिन मागे अजून गुरगुरत होतं आणि मला फक्त दंडाला लागलेला आईचा हात दिसत होता. मुकी मॅच. न उचललेला फोन. अरे देवा, हेकट कसला! आणि आईला हे सगळं माहीत होतं. त्यांच्याकडे बघवेना. समोरच्या काचेकडे बघतच मी कसंबसं विचारलं, "बाबा, कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

बाबा रस्त्याकडे बघत होते. माझ्याकडून काहीतरी आलं एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी हसून मान हलवली.

"बरां," ते म्हणाले, "बरां."