आमच्याकडून गेलं

शामराव गभणे यांना सारं आयुष्य एका वाक्यावर काढता आलं. "आमच्याकडून गेलं." पुढे ते कुठे गेलं, पोचलं की वाटेतच कुणी परत लोटलं, हे बघणं त्यांच्या नोकरीत बसत नसे. फीची पावती असो की एखाद्या पोराच्या पदवीची पडताळणी, शामराव मान तिरकी करून तेच वाक्य म्हणायचे आणि समोरचा माणूस आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून परत जायचा.

हा मनुष्य सिस्टम इनचार्ज कसा झाला, ते कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. वडील तुमसरहून रायपूरला रेल्वेच्या वॅगन कारखान्यात आले. पोरगा बारावीला आपटला, मग कुठल्याशा गल्लीत कंप्युटरचा कोर्स करून आला. मामा एका खाजगी कॉलेजच्या संस्थेत होते, त्यांनी भाच्याला लॅबमध्ये झाडलोट बघायला चिकटवलं. शिकलेली माणसं एकेक करून चांगल्या पगारावर निघून गेली आणि ज्याला कुणी बोलावलंच नाही तो एकटा उरला. उरला म्हणून इनचार्ज झाला. काचेची केबिन मिळाली, केबिनमध्ये एसी. मे महिन्यात दुपारी ते तिथे डोळे मिटून बसत. कुणी विचारलं की म्हणत, "मशीनले थंडाई लागते ना." खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. रोज संध्याकाळी मॉनिटरवर फुलाफुलांचं कापडी कव्हर, जणू मॉनिटरला नजर लागेल. त्या यंत्राच्या आत काय चालतं हे मात्र शामरावांनी कधी त्याला विचारलं नाही, आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही.

विनोदिनी रहाटे त्याच कॉलनीत दोन घरं सोडून राहायची. इतिहासात एम.ए. झालेली, सरकारी कचेरीत नोकरी, नवरा रेल्वेत बिलासपूरला. शामरावांबद्दल तिचं मत कधीच बरं नव्हतं, पण ते मनात ठेवून चालत होतं. मंजिरीचं प्रकरण निघालं आणि ते मनात राहीना.

मंजिरी तिची एकुलती एक. शामरावांच्याच कॉलेजातून पदवी घेतली आणि पुण्याच्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी तिचा नंबर लागला. अट एकच. तिच्या पदवीची खात्री जुन्या कॉलेजने स्वतःच्या मेलच्या पत्त्यावरून शुक्रवारपर्यंत पाठवायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

"आमच्याकडून गेलं," शामराव म्हणाले.

पुण्याला काही मिळालं नव्हतं. विनोदिनीने पुन्हा फोन लावला.

"वहिनी, दोनदा टाकलं. गेलं म्हंजे गेलं. पुण्यावाल्यायचंच काही बिघडलं असन."

"मग पुन्हा एकदा पाठवा."

"तुमी लय टेन्शन घेऊन राहिल्या, वहिनी. मी माह्या जीमेलवरून टाकून देतो, झालं?"

तेही टाकलं. पुण्याहून मंजिरीला कळवलं गेलं की कुणा खाजगी माणसाच्या मेलवर पदवीची खात्री धरता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. उद्या पानठेल्यावाल्याने लिहून दिलं तर तेही धरायचं का?

विनोदिनी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरली, वरण करपलं. तिच्या डोळ्यासमोर सारखा मायाचा विकी येत होता. माया समोरच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहायची. विकी हुशार पोरगा, त्याच कॉलेजचा, हैदराबादच्या कंपनीने निवडलेला. कंपनीला पदवीची पडताळणी हवी होती, ती गेली म्हणतात, पण तिकडून काही उत्तरच आलं नाही आणि जागा दुसऱ्याला गेली. आता विकी उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करतो. सकाळी घरी येतो तेव्हा भुवयांवर लोखंडाची धूळ असते. रामनवमीच्या मंडपात सगळ्यांसमोर शामराव म्हणाले होते, "पोट्ट्याच्या नशिबातच उरला व्हता, आपण काय करणार!" आणि माया मान खाली घालून प्रसादाचे द्रोण भरत राहिली होती.

बुधवारी मंजिरीने पुण्याच्या ऑफिसातल्या बाईंना गळ घातली. त्यांनी आपल्या तांत्रिक माणसाला विचारून उत्तर पाठवलं. मंजिरीने ते वाचलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच.

"आई, इनके यहाँ घुस ही नहीं रहा. दरवाजे से लौटा देते हैं."

"काहून पण?"

"हर मशीन का एक नंबर होता है ना. कॉलेज की मशीन जाकर बोलती है, मैं फलाना कॉलेज. तो वो लोग नंबर से उल्टा पूछते हैं कि ये नंबर किसका है. और कॉलेज के नंबर पे कोई नाम ही नहीं निकल रहा. तो बोलते हैं, चल हट, फर्जी है."

विनोदिनीच्या हातातला झारा तसाच राहिला. मग ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली, आणि ते हसणं बघून मंजिरीला जरा भीतीच वाटली.

गुरुवारी रजा टाकून विनोदिनी कॉलेजात गेली. केबिनबाहेर चपला काढायची पाटी होती. तिने काढल्या नाहीत.

"या वहिनी. म्या सांगतलं ना, आमच्याकडून..."

"शामराव, तुमच्या अपर्णाला वरोऱ्याचं स्थळ आलं होतं, आठवतं?"

शामराव खुलले. ही त्यांची आवडती गोष्ट होती. कॉलनीतल्या प्रत्येक लग्नात त्यांनी ती सांगितली होती.

"आठवते ना! पोट्टा दिसाले कसा राजबिंडा. बायोडाटा एकदम कडक. म्हणे आमी वरोऱ्याचे. म्या काही बोललो नाही. डायरेक्ट वरोऱ्याले फोन लावला, आमच्या साडूच्या गावात. म्हटलं, या नावाचं घर हाय का तुमच्याकडं? गाव म्हणते, नाही बा, आमाले माहीत नाही. संपला विषय. ज्याले त्याचं गाव वळखत नाही त्याले म्या पोट्टी देत नाही."

"पोरगा खोटा होता का?"

"खोटा नसन. पण गावानं वळख देल्ली पाहिजे ना! उलटी चौकशी केल्याशिवाय आपल्या लोकायत कोणी घरात घेते का?"

"पुण्याच्या मशीनने तेच केलं," विनोदिनी म्हणाली. "तुमची मशीन दारात जाऊन म्हणाली, मी अमक्या कॉलेजची. पुण्याने तुमच्या गावाला फोन लावला. गाव म्हणालं, नाही बा, माहीत नाही. माझ्या पोरीला तुमच्या गावामुळे दारातून हाकलतात, शामराव."

तिने मंजिरीने छापून दिलेला पुण्याचा मेल पुढे केला. शामरावांनी तो वाचला, म्हणजे वाचल्यासारखं केलं. मग कीबोर्ड ओढून कॉलेजच्या डोमेनचं पान उघडलं आणि आधीच बरोबर असलेलं नाव पुसून पुन्हा तेच टाइप करू लागले.

"ते नाही. पुण्याच्या बाईंनी लिहिलंय, नावावरून नंबर तुमच्या हातात. नंबरावरून नाव मात्र ज्याने तो नंबर दिला तो लाइनवालाच लावतो. इंटरनेटची लाइन कुणाची आहे?"

"दिवाळीत बदलली. नवीन पार्टी हाय."

"लावा फोन. आवाज मोठा ठेवा."

फोन लागला. पलीकडचा माणूस तरुण होता आणि कंटाळलेला. शामरावांनी अडखळत अडखळत सांगितलं. पलीकडे थोडा वेळ बटणांचा आवाज.

"भैया, ये तो हमने लाइन चालू करते टाइम ही पूछा था. नंबर पे कौन सा नाम चढ़ाना है. फोन भी किए थे आपको."

"मले तर काही..."

"आपने बोला था, नाम-वाम किसी बाहर वाले को नहीं देते, सिक्योरिटी का मामला है. मुझे अच्छे से याद है, हम लोग यहाँ बहुत हँसे थे."

विनोदिनीला राग आला असता तर बरं झालं असतं. राग माणसावर येतो. तिला तर पोळीत सापडलेल्या केसाकडे बघावं तसं झालं. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या या माणसाला परक्या गावाला फोन लावता येत होता. स्वतःच्या गावाने विचारलं तेव्हा याने नाव लपवलं, आणि त्याला सिक्योरिटी म्हटलं.

"मेल मशीनचं जे नाव आहे, ते अक्षरन् अक्षर सांगा त्याला," ती म्हणाली.

शामरावांनी सांगितलं. "शाम तक हो जाएगा," पलीकडचा म्हणाला. विनोदिनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. शामरावांनी दोनदा सुचवलं की वहिनी, तुम्ही घरी जा, मी बघतो. तिने पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढली आणि एकेक दाणा सोलून खात बसली. साली टेबलावरच ठेवल्या. त्या दुपारी शामरावांना झोप मिळाली नाही.

उन्हं कलली तेव्हा मंजिरीचा फोन आला. "आई, नंबर से नाम आ रहा है! बोलो उनसे, अब भेजें."

पुन्हा पाठवायचं तर जुना मेल शोधणं आलं. शामरावांनी स्क्रीनवर मेलचा एक खण उघडला, मग घाईघाईने बंद करायला गेले, पण माऊसही त्यांच्यासारखाच संथ होता. विनोदिनीने पाहिलं. तो परत आलेल्या मेलचा ढीग होता. दिवाळीपासूनचा. प्रत्येकावर तेच, दारातून परत.

"हे तुम्हाला रोज दिसत होतं?"

"नाही नाही. रोज येऊन त्रास देत होते म्हणून म्या तसं लावून देल्लं, आपोआप इकडं येऊन पडतात. समोर दिसत नाही."

"आधी मंजिरीचं पाठवा."

पाठवलं. थोड्याच वेळात पुण्याहून दोन ओळींचं उत्तर आलं, पडताळणी मिळाली, जागा कायम. विनोदिनीने ते दोनदा वाचलं. तिला एकदम खूप भूक लागली.

"बघा," शामराव खुर्चीत रेलले, "गेलं ना? म्या म्हणतच व्हतो."

विनोदिनी उत्तर देणार नव्हती. या माणसाशी आता एक शब्दही वाया घालवायचा नव्हता. पण तिची नजर त्या ढिगावरून खाली सरकत गेली आणि एका ओळीवर थांबली. हैदराबादच्या कंपनीचा पत्ता होता. पुढे विकीचं पूर्ण नाव.

शामरावांनी ती कुठे बघते आहे ते पाहिलं. पाय आखडून ताठ बसले. हात आपोआप फुलाफुलांच्या कव्हरकडे गेला.

"वहिनी, जुनं हाय ते. त्याचं आता काय काम? कंपनीनं दुसरा घेतला. उगाच कोणाले सांगू नका. लोक काही बी समजतात."

विनोदिनीने कव्हर त्यांच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि शेंगदाण्याच्या सालींवर ठेवलं. मग फोन लावला.

"हव दीदी, बोला ना," माया म्हणाली. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "मंजिरीचं काही समजलं का?"

"तिचं झालं. विकी उठलाय का?"

"आताच उठला. रातची शिफ्ट हाय ना त्याची."

"त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता कॉलेजात ये. शामरावांच्या केबिनमध्ये."

"काहून? काय झालं?"

"ये तर खरी. आणि कॉलनीतली अजून ज्यांची ज्यांची पोरं या कॉलेजात शिकली, त्यांनाही सांगत ये." ती शामरावांकडे बघत होती. "मी इथेच बसले आहे. मशीन चालू आहे."