डोळे मिटायचे नाहीत
ग्लोव्हजचा आंबूस वास आला, की मला यवतमाळहून दिग्रसला परततानाची ती एसटी आठवते. तेविसाव्या वर्षी मी बॉक्सिंग शिकायला लागले आणि पहिलीच लढत एका शाळकरी मुलीशी हरले. त्या साली कापसाचा भाव पडून सरकी काढायचा जिनिंग कारखाना लवकर बंद झाला होता, म्हणून तिथे कामाला असलेले बाबा सोबत आले होते. रक्ताळलेलं नाक दाबून मी म्हटलं, "लय उशीर झाला बाबा. मले आता नाही खेळाचं." ते सरळ त्या मुलीकडे गेले. "बाई, माह्या पोरीचं काय चुकलं?" ती लाजत म्हणाली, "ठोसा आला का ताई डोळे मिटते." बसमध्ये बसल्यावर बाबा मधूनच माझ्या तोंडासमोर पंजा आणू लागले. "मिटले! पाह्य, पुन्हा मिटले!" लोक वळून पाहत होते आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. दारव्ह्याच्या पुढे कधीतरी त्यांचा हात आला आणि माझी पापणी लवली नाही. "मंग कायचा उशीर?" एवढं म्हणून ते खिडकीला डोकं टेकून झोपून गेले. पुढे मी बऱ्याच लढती खेळले, काही जिंकलेही. पण त्या दिवशी इतक्या जवळून पाहिलेल्या त्यांच्या तळहातावरच्या भेगा मला अजून जशाच्या तशा दिसतात.