बाबांच्या काउंटरवर ग्रीक

दोन वर्षं लॅटिन आणि एक वर्ष ग्रीक शिकून मी आता एवढी तयार झाले आहे, की एखाद्या प्राचीन रोमन माणसाने मला बाजाराचा रस्ता विचारलाच, तर मी क्रियापद शोधेपर्यंत बाजार उठून जाईल. हे शिकायला मी अबू धाबीच्या विद्यापीठात गेलेच नव्हते. गेले होते इकॉनॉमिक्सला. पहिल्या सेमिस्टरला टाइमटेबलात सकाळी दहाची जागा रिकामी होती, म्हणून लॅटिन घेतलं आणि फसले ती फसलेच. आता मुख्य विषय बदलून ग्रीक-लॅटिनच करायचं होतं. फॉर्मची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. गुरुवार उजाडला तरी बाबांना सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

माझे बाबा अंबादास, शारजात अल मजाजला आमच्या घराजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये बसतात. व्हिसाचे, भाडेकराराचे अर्ज लोकांना अरबीत टाइप करून देतात. बत्तीस वर्षं हेच. मुलगी बँकेत लागणार, हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी सेंटरवर गेले. शेजारच्या काउंटरवरून उमरचाचांनी विचारलं, "बेटी, बँक में कब लग रही हो?"

"इन्शाल्ला, चाचा."

अवघड प्रश्नाला माझं हेच उत्तर असतं. दोन प्राचीन भाषा शिकून कामाला आला तो हा एकच शब्द, तोही तिसऱ्या भाषेतला.

विषय काढायचा धीर होईना, म्हणून बॅगेतून होमवर्क काढलं. वीस ओळींचा ग्रीक उतारा हाताने उतरवून खाली अर्थ लिहायचा होता. बाबांकडे गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी छापील कागद आणि माझी वही ओढून घेतली, कागदाच्या शेवटच्या ओळीखाली फूटपट्टी ठेवली आणि वहीवर बोट ठेवून खालून वर तपासायला लागले. त्यांची पद्धतच ती. वरून वाचलं की डोळा मनातलं वाचतो, असं ते म्हणतात.

"इथे एक लाइन मिसिंग आहे."

"इम्पॉसिबल, बाबा!"

पाहिलं, तर होती. लागोपाठच्या दोन ओळींचा शेवटचा शब्द एकच होता, आणि मी पहिलीवरून थेट दुसरीच्या पुढे उडी मारली होती. जुन्या काळी पोथ्या उतरवणारे नेमकी हीच चूक करायचे, असं प्रोफेसर नबिलांनी आठवड्यापूर्वीच शिकवलं होतं. त्या नकलनविसांना वर्गात सगळ्यात मोठ्याने हसले होते ती मीच.

"तुम्हाला यातलं एक तरी अक्षर येतं का?"

"नाही. कशाला यायला हवं?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अरबी तरी कुठे येतं मला? फॉर्मचे साचे पाठ आहेत, ईशानी. कस्टमर साच्याबाहेरचं बोलला, की मी उमरकडे बघतो."

शाळेत मी सगळ्यांना सांगायचे, माझे बाबा अरबीचे पंडित आहेत. मला एकदम वाईट वाटलं, आणि त्या भरातच तोंडून निघून गेलं.

"बाबा, आय वॉन्ट टू डू धिस. ओन्ली धिस. इकॉनॉमिक्स नाही."

त्यांनी फूटपट्टी बाजूला ठेवली. "आणि नोकरी?"

"इन्शा..."

"ते उमरला सांग. मला खरं सांग."

"माहीत नाही, बाबा. शिकवता येईल कदाचित."

त्यांनी सुटलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "काय लिहिलंय यात?"

मी डिक्शनरी काढली. अडखळले, एकदा चुकले, एक शब्द तीनदा शोधला. "मग बैलांना पाणी पाजून तो घरी गेला."

"एवढंच?"

"एवढंच."

"परत वाच."

परत वाचलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढली. "चल, काढ तुझा तो फॉर्म."

माझं नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख त्यांनी न बघता भराभर टाइप केलं. मुख्य विषयाच्या रकान्यापाशी थांबले आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"हे तू टाइप कर. न कळता टाइप करणारा घरात एक पुरे."

पुढचं सगळं धूसर दिसत होतं. तरी मी टाइप केलं.