मेंदूतला पांढरा भाग आणि माझं तोंड

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई नेहमी म्हणायची. मला राग यायचा. केजच्या आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी एकटी, मग बोलायला कुणीतरी नको? धाकट्या भावाच्या कानात माणसं बोलायला लागली तेव्हा अंगारे-धुपारे थांबवून त्याला डॉक्टरकडे मीच नेलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात मीच आणला. गोळी रोज मीच द्यायचे. आवाज थांबले, तो दुकानात बसून गिऱ्हाइकाला साखर-शेंगदाणे जोखून द्यायला लागला.

पण गोळ्यांनी त्याचा हात थरथरायचा. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत पूजा करायची, हा आमचा नेम. एका सकाळी ते त्याच्या तळव्यावरून घरंगळलं आणि फरशीवर पडलं. लिंग पडणं म्हणजे आमच्यात जीव गेल्यासारखंच. अप्पांनी, आमच्या वडिलांनी, ते उचलून कपाळाला लावलं. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला धास्तीच बसली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा फोटो काढायला औरंगाबादला पाठवलं. तिकडे तेव्हा नवीन मशीन आलं होतं. फिल्म उजेडावर धरून डॉक्टरांनी मला समजावलं. मेंदूत एक पांढरा भाग असतो, इकडचा निरोप तिकडे नेणाऱ्या तारांचा. या आजारात तो बिघडतो. गोळ्यांचाही त्यावर काही परिणाम होत असावा, पण चांगला की वाईट ते अजून कुणालाच धड कळलेलं नाही. मात्र गोळी बंद करायची नाही, केली तर आजार उसळेल. थरथरीवर वेगळी गोळी देतो, म्हणाले.

आणि घरी येऊन मी काय सांगितलं? अप्पांचं सुकलेलं तोंड बघितलं आणि बोलून गेले, "अप्पा, ह्या गोळ्याच त्याचा मेंदू खायल्यात." बाकीचं सांगितलंच नाही. भाऊ दारातच चप्पल काढत होता.

गोळ्या बंद झाल्या. महिन्याभरात त्याचा हात असा स्थिर झाला की बघत राहावं. अप्पा शेजारी बसून त्याची पूजा बघायचे. आईने पुरण घातलं. मीही चापून जेवले, सांगायला लाज वाटते. फक्त त्याची पूजा लांबायला लागली. आधी तासभर, मग पार दुपार व्हायची. ओठ सारखे हलत असायचे. मंत्र म्हणतोय, असं अप्पा कौतुकाने सांगायचे. एकदा मी जवळ जाऊन ऐकलं. तळव्याकडे बघत तो कुणाची तरी विनवणी करत होता, "आईला नको. आईला नको."

एरवी घरभर बडबडणारी मी, त्या दिवशी मात्र कुणाला काही सांगितलं नाही. अप्पा नुकते कुठे हसायला लागले होते.

पंधरा दिवसांनी त्याने आईला मागच्या खोलीत कोंडलं आणि दाराला पाठ लावून बसला. लोक तिला मारायला आलेत म्हणे. आई आतून हाका मारत होती, अप्पा भिंतीला धरून उभे होते. डॉक्टरांना बोलावणं गेलं. तोवर मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. माझं तो ऐकायचा.

"आक्का, तूच म्हणलीस ना, मेंदू खायल्यात म्हणून?" त्याने अगदी शांतपणे विचारलं. "मग मला कावून देतीस?"

शेवटी शेजारच्या तिघांनी त्याला खाली दाबलं, पाय मी धरले आणि डॉक्टरांनी सुई टोचली.

तो पुन्हा शांत झाला, पण पहिल्यासारखा नाही. दुकानात बसतो, जोखायला सांगितलं तर विसरतो. पुढे काढलेल्या फोटोत पांढरा भाग आणखी विरळ दिसला. आजाराने, गोळ्यांनी की मधल्या त्या दिवसांनी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आता गोळी त्याला आई देते. माझ्या हातचं तो पाणीसुद्धा पीत नाही.