कापसाच्या ढिगावरचं स्पॅनिश

घरात नवा कापूस भरला, की त्याच्या वासानं मला माझी स्पॅनिशची पहिली तोंडी परीक्षा आठवते. दारव्ह्याजवळच्या आमच्या घरात रेंज फक्त कापसाच्या ढिगावर यायची, आणि ढीग एवढा, की वरून स्पेन दिसावं. नापास झालो तर पुढचा वर्ग बंद. फोनवरून परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, काय आवडतं आणि का? 'मे गुस्ता', मला आवडतो, म्हणत मी कापूस सांगून टाकला अन् कारणावर अडकलो. "काय इचारून राह्यली थे बाई?" खालून माय ओरडली. "कापूस काहून आवडते म्हणते!" "मंग सांग ना बापा, थंडीत यातच झोपतो म्हणून!" तेच मी मोडकंतोडकं सांगितलं. बाई अशा हसल्या, की ढीग दोन हात खचला. पास! आता परीक्षा मी घेतो. कारणावर कोणी अडकलं, की म्हणतो, घाई नाही, घरात विचारून ये.